शंभराला दोन

आईच्या फोनवर निपाणीहून फोटो आला तेव्हा ऋतिकाचा उजवा हात आमटीभातात होता, म्हणून तिनं तो डाव्या हाताच्या करंगळीनं उघडला, आणि उघडल्या उघडल्या तिला वाटलं की फोटोच चुकीचा आलाय. नवी कोरी काळी कुदळ, आणि तिच्या भोकातून दांडा वर डोकावतोय. थोडाथोडका नाही, चांगला चार बोटं. टोपी डोक्यावर न बसता गळ्यात अडकावी तशी ती कुदळ दांड्याच्या गळ्यात अडकलेली. दांडा एका बाजूला बारीक असतो आणि दुसऱ्या टोकाला जाड होत जातो; कुदळ बारीक बाजूनं ओवायची, ती सरकत सरकत जाड टोकाशी येते आणि गच्च बसते, असा सगळा मामला. ही टोकापर्यंत गेलीच नव्हती. खाली दुकानदार कलगोंडा अण्णांचा मजकूर होता: बाळ, चार लावून बघितले, चारी असेच बसताहेत. बाकीचे ठेवू का परत पाठवू? राग नव्हता त्यात कुठं. राग असता तर तिला भांडता आलं असतं. हे असं मऊ विचारणं म्हणजे मास्तरांनी पेपर हातात देताना काहीच न बोलण्यासारखं.

साठ दांडे होते ते. साठातला एकेक तिनं हाताखालून घातला होता, शनिवार-रविवार धरून दीड महिना. आणि त्या मजकुरातला 'परत' हा शब्द तिनं दोनदा वाचला, कारण सगळी अट त्या एका शब्दावर उभी होती. अट आप्पांची. तिचे आप्पा, शामू, उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या एका पोलादाच्या फौंड्रीत लाकडी नमुने करतात. जो भाग ओतायचा त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करायचा, त्याच्याभोवती वाळू ठोकायची, नमुना अलगद काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं पोलाद सोडायचं. त्या कामात आप्पांचा हात धरणारं कुणी नाही असं ती राहतात ते सगळं अनगोळ म्हणतं. पण दांडे करायचा धंदा मूळचा त्यांच्या वडिलांचा, मष्णू आज्जाचा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आज्जा कुऱ्हाडीचे, खोऱ्याचे, कुदळीचे दांडे करायचा, आणि तो गेल्यावर दोन वर्षं तिथं सायकली आणि रद्दी पडून होती. ती रद्दी ऋतिकानं काढली. निपाणीला फोन लावून ऑर्डर तिनंच मिळवली, आवाज जरा जाड करून. आप्पांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत, चहा संपवला आणि म्हणाले, "साठ करून दे. एक बी परत आला न्हाय तर शेड तुझी, मी तोंड उघडणार न्हाय. पर एक जरी परत आला, तर हत्यारं पेटीत आणि तू पुस्तकात. दहावी हाय हे ध्यानात ठेव." तिनं 'चालतंय की' इतक्या झटक्यात म्हटलं होतं की आप्पांची भुवई वर गेली होती. तिला तेव्हा चुकायची भीती नव्हतीच.

आईला तिनं फोटो दाखवला. आईनं, मंगलनं, चष्मा लावून तो बघितला, कुदळीकडं कमी आणि लेकीकडं जास्त, आणि विचारलं की आता काय. ऋतिका म्हणाली, जाऊन येते. शनिवार असल्यामुळं शाळा सकाळीच सुटलेली, गणवेश अजून अंगावरच होता. आईनं फोन आणि पाण्याची बाटली दिली, आप्पा सातला येतात एवढंच सांगितलं, आणि दारापर्यंत येऊन तिच्या दप्तराकडं बघत राहिली, कारण दप्तरातून विज्ञानाचं पुस्तक काढून तिनं त्यात आज्जाची करवत, कानस आणि फूटपट्टी भरली होती.

बसमध्ये कंडक्टरनं कन्नडमध्ये कुठं म्हणून विचारलं, तिनंही कन्नडमध्येच निपाणी सांगितलं आणि बायकांचं फुकट तिकीट घेऊन खिडकीशी बसली. करवतीचं टोक दप्तरातून शेजारच्या काकूंच्या कमरेला टोचत होतं. काकूंनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं, मग त्या स्वतःच सरकून बसल्या. काकतीच्या पुढं गाडी पळायला लागली तशी ऋतिकानं फोटो पुन्हा काढला आणि बोटांनी मोठा केला, आणि मोठा केल्यावर आत शिरावं तशी ती त्या दांड्यात शिरली. रेषा सरळ होत्या. बाभळीचा तांबूस रंग तसाच होता. तिचंच काम होतं ते, शंभर दांड्यांत ओळखू येईल असं. मग चुकलं कुठं? आज्जा असता तर त्यानं अंगठा फिरवून सांगितलं असतं. आज्जाचं सगळं माप त्याच्या अंगठ्यात होतं. दोन पायांच्या मधे लाकूड धरून तो रंधा मारायचा, डोळा बारीक करायचा, पुन्हा मारायचा, आणि दिवसाकाठी पाच दांडे झाले की विडी शिलगावून, झालं बघ आजचं, म्हणायचा. लहानपणी ती त्या सोललेल्या लाकडाच्या भेंडोळ्या कानात अडकवून फिरायची. त्यांचा तो कडसर, ओला वास. पण पाच म्हणजे पाचच. आणि पाचही पाच प्रकारचे. हा जाड, तो बारीक, प्रत्येक कुदळीला तासून तासून बसवावा लागणारा. तिला तेव्हाही कळायचं नाही की एकच गोष्ट रोज पहिल्यापासून का शिकायची.

शार्पनरची गोष्ट मात्र तिची स्वतःची. भूमितीच्या तासाला पेन्सिलीला टोक काढताना तिच्या ध्यानात आलं होतं की शार्पनर विचार करत नाही. पेन्सिल तिरकी धरा, सरळ धरा, टोक एकाच उताराचं निघतं, कारण उतार पेन्सिलीत नसतो, शार्पनरच्या भोकात असतो. त्या दिवशी तास संपला कधी हे तिला कळलंच नाही. घरी येऊन तिनं सागाच्या दोन ठोकळ्यांचा एक भला मोठा शार्पनर केला, आरपार भोकाचा, वर आज्जाच्या मोडक्या रंध्याचं पातं बसवलेला. दांड्याला आधी ओबडधोबड आठ बाजू पाडायच्या, तो ड्रिल मशीनला अडकवून फिरता करायचा आणि शार्पनरमधून घालायचा, की पलीकडून गुळगुळीत दांडा बाहेर यायचा, बारीक टोक आधी, आणि जाड टोक भोकातच उतार घेऊन थांबायचं. पहिला असा बाहेर आला तेव्हा ती शेडमध्ये एकटीच हसत सुटली होती. एका रविवारी चौदा झाले. जाड टोकाचा उतार तिनं ऐंशी मिलिमीटरला एक मिलिमीटर असा ठरवला होता, कुदळीचं भोक बेचाळीस, हे कलगोंडा अण्णांनी फोनवर कुदळीवरची चिठ्ठी वाचून सांगितलं होतं. आणि तिनं नुसता विश्वास ठेवला नव्हता, आज्जाच्या कुदळीवर बसवूनही बघितलं होतं. टोकापर्यंत गेली होती ती. टक्कन.

आज्जाच्या कुदळीवर. हत्तरगीचा टोलनाका आला, गाडी रांगेत थांबली, आणि थांबलेल्या गाडीत तिचं डोकं मात्र चालू लागलं. आज्जाची कुदळ किती वर्षांची? आप्पांच्या जन्माच्या आधीची. चाळीस-पंचेचाळीस वर्षं दांड्याशी घासून घासून तिचं भोक काय बेचाळीसच राहिलं असेल? म्हाताऱ्या माणसाच्या बोटात अंगठी सैल होते तशी ती कुदळ सैल झालेली होती, आणि तिनं नव्या दांड्यांची परीक्षा तिच्याकडून घेतली होती. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बरं, परीक्षा चुकली हे कळलं. पण दांडा का चुकला, ते त्यात नव्हतं. बेचाळीस म्हणजे बेचाळीसच तिनं आखलं होतं, तीनदा मोजून.

तिनं वही काढली. मागच्या पानावर त्रिकोण काढला, लांबट, सुईसारखा. ऐंशीला एक. कुदळ चार बोटं आधी अडकली. चार बोटं म्हणजे, तिनं स्वतःची बोटं पट्टीवर ठेवली, सदुसष्ट-अडुसष्ट. म्हणजे दांडा जाड झाला पंच्याऐंशी शतांश मिलिमीटरनं. एक मिलिमीटरसुद्धा नाही. ते बेचाळीसात किती, म्हणून तिनं भाग लावला, गाडीच्या हादऱ्यात आकडे नाचत होते, आणि उत्तर इतकं स्वच्छ आलं की तिनं पेन्सिल खाली ठेवली. शंभराला दोन. बरोब्बर दोन. हातानं झालेली चूक अशी बरोब्बर नसते, ती कधी दीड असते, कधी पावणेतीन. दोन टक्के हे कुणीतरी ठरवून केलेलं असतं.

आणि मग संकेश्वर यायच्या आधी, उसाच्या फडांच्या हिरव्या पट्ट्यात डोळे लागलेले असताना, तिला चौथीचा वर्ग आठवला. बाईंनी दहा सेंटिमीटरचा चौकोन काढायला सांगितला होता आणि तिनं तो आप्पांच्या स्टीलच्या पट्टीनं काढला होता, शाळेत मिरवायला म्हणून घरातून आणलेल्या. बाईंनी आपली पट्टी लावली आणि लाल शाईनं 'माप चूक' लिहिलं. ती रडत घरी आलेली. आप्पा त्या दिवशी किती हसले होते. तिला मांडीवर घेऊन ते म्हणाले होते की ही पट्टी खोटी नाही, ही पुढचं बघून मोजते. पोलाद निवताना शंभराला दोन आकसतंय, म्हणून लाकडाचा नमुना आधीच शंभराला दोन मोठा करायचा. दरवेळी हिशेब कोण करणार, म्हणून फौंड्रीवाल्यांची पट्टीच मुळात दोनानं लांब असते. सगळं ठाऊक होतं तिला. सहा वर्षं ठाऊक होतं. आणि तरी शार्पनरचं भोक आखताना तिनं दप्तरातली प्लास्टिकची पट्टी बाजूला सारून तीच उचलली होती, थंड, जड, काठाला निळसर झाक असलेली, कारण ती हातात धरली की आपण कुणीतरी झालोय असं वाटायचं. फोनवर आवाज जाड केल्यासारखंच ते. लाकूड काही आकसणार नव्हतं. तिनं साठ दांडे अशा मापानं केले होते, जणू ते निवायचे बाकी आहेत. लाज वाटली, चांगलीच वाटली, मानेपर्यंत. पण लाजेच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि ते तिला दाबता येईना. सापडलं होतं. कुणी न सांगता, धावत्या गाडीत, एका त्रिकोणावरून. काकूंनी विचारलं, काय गं, एकटीच हसतेस. तिनं सांगितलं, गणित सुटलं. काकू म्हणाल्या, मग ती करवत आता बाजूला घे बाई.

तवंदीचा घाट उतरेपर्यंत तिनं ठरवून टाकलं होतं. साठ दांडे तासत बसायचं तर दोन दिवस लागतील. पण चूक सगळ्यांची एकच असेल तर उपायही एकच. कुदळ जिथं अडकते तिथं ती गच्चच आहे, तिथं तिची पकड पक्की आहे. वरचं जास्तीचं लाकूडच तेवढं नको आहे. ते कापायचं. तिच्या दोन टक्क्यांनी लांबीही वाढलेलीच होती, त्यामुळं कापून दांडा ठरल्यापेक्षा तीन बोटंच आखूड होणार. तीन बोटं अण्णांना चालतील की नाही, एवढाच प्रश्न.

कलगोंडा अण्णांचं दुकान तंबाखूच्या वखारींच्या गल्लीत, दारातच फवारणीचे पंप आणि दोरांची वेटोळी. अण्णा गोरे, ठेंगणे, मांडी घालून बसलेले. गणवेशातली पोरगी बघून त्यांनी आधी विचारलं की वडील कुठं आहेत. ती म्हणाली, दांडे मी केलेत. अण्णांनी फोनवरचा तो जाड आवाज आठवून बघितला असावा, कारण त्यांनी तिच्याकडं पुन्हा एकदा बघितलं आणि आत वळून चहा सांगितला. तिनं चहाची वाट बघितली नाही. चूक कुणाची, कशी झाली, पट्टी, पोलाद, आज्जाची कुदळ, सगळं एका दमात सांगून टाकलं, आणि मग पर्याय सांगितले: आत्ता कापून देते, तीन बोटं आखूड होतील, ते नको असतील तर सगळे घेऊन जाते आणि नवे करून देते. 'सगळे घेऊन जाते' म्हणताना जीभ जड झाली, तरी म्हणाली.

दुकानात एक बाई खुरपी बघत उभ्या होत्या, उंच कपाळाच्या, पदर खोचलेल्या. अण्णांनी त्यांना राजाबाई म्हणून हाक मारली. तंबाखूच्या रानात वीस बायकांची टोळी चालवणाऱ्या. त्या मघापासून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "एक काप बघू." ऋतिकानं कुदळीला लागूनच वर खूण केली, दांडा पायरीवर पायाखाली धरला आणि करवत चालवली. राजाबाईंनी कुदळ उचलली, दोनदा हवेतच हाणली, दुकानातल्या दुकानात, अण्णा मागं सरले. मग उलटी धरून दांड्याचं शेपूट बघितलं. "ह्ये बरं हाय," त्या म्हणाल्या. "लांब दांडा वाकल्यावर मागं मांडीत घुसतोय. गडीमाणसाच्या मापाचं समदं करतात, आन् रानात आम्ही मरतोय." अण्णा म्हणाले, अहो इतकी वर्षं बोलला नाहीत. राजाबाई म्हणाल्या की इतकी वर्षं कुणी विचारलंय.

मग ऋतिकानं दुकानाच्या पायरीवर दोन खिळे ठोकून घेतले, एक टेकायला आणि एक करवतीला, म्हणजे दर दांड्याला नव्यानं खूण करायला नको. टेकव, धर, काप. टेकव, धर, काप. भुसा सँडलवर पडत होता. पंधराव्या दांड्यानंतर हात आपोआप चालू लागला आणि तिला वाटलं, आज्जा ह्याला दांडे करणं म्हणाला असता का? कदाचित नसताच म्हणाला. शार्पनर बघून तो हसला असता, चहाच्या कपात हसायचा तसा, आणि त्याच्या अंगठ्याला जे कळायचं ते तिला अजून कळत नाही हे खरंच आहे, नाहीतर राजाबाईंची मांडी तिला आधीच दिसली असती. पण हे दोन खिळे त्याला सुचले नसते. हेही खरं. दोन्ही खरं एकाच वेळी मनात ठेवता येतं, आणि ठेवलं तरी करवत सरळ चालते, ह्याची तिला मजा वाटली. दीड तासात एकोणसाठ झाले. राजाबाईंनी बारा बाजूला काढले. अण्णांनी मोजून बघितले आणि विचारलं, एक कुठाय. तो तिनं दप्तराला बांधला होता, न कापलेला.

तिला अट सांगावीच लागली. अण्णा ऐकून म्हणाले, "अगं, मग परत काय आलंच न्हाय की. आप्पांना सांग, साठच्या साठ खपले. मी काय बोलायला येत न्हाय तुमच्यात." प्रेमानंच म्हणाले ते. वर हेही म्हणाले की ह्या आखूड मापाचे अजून चाळीस हवेत, कधी देशील. तिनं क्षणभर विचार केला आणि एप्रिलच्या अखेरीची तारीख सांगितली. अण्णांना वाटलं, लाकूड वाळायला वेळ लागत असेल.

परतीच्या गाडीत तो एक दांडा गुडघ्यांमधे उभा होता. उन्हं तिरकी झालेली, ऊस भरलेले ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेनं डुलत चाललेले. हा दांडा शेडच्या कोपऱ्यात ठेवला तर कुणाला कळणार आहे, असं एकदा मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराचं तोंडसुद्धा तिनं नीट बघून घेतलं. गुळगुळीत होतं. शेड आपली, आप्पा गप्प, सगळं जागच्या जागी. फक्त आप्पांकडं बघताना दरवेळी दोन टक्के काहीतरी जास्त हसावं लागलं असतं. ते तिला जमलं नसतं. खरं सांगायचं तर तिला नुसतं खरं बोलायचं नव्हतं, तिला तो त्रिकोणही आप्पांना दाखवायचा होता. असं शोधून काढलेलं पोटात ठेवून कसं झोपायचं?

आप्पा सातला आले, हातपाय धुऊन बसले, आणि तिनं दांडा त्यांच्यासमोर ठेवला. आई चुलीपाशी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"परत आला," ऋतिका म्हणाली. "मीच आणला. पण चुकलेत साठच्या साठ."

मग सगळं सांगितलं, वही उघडून, राजाबाईंपासून पट्टीपर्यंत. पट्टीचं नाव निघालं तसे आप्पांचे ओठ हलले. त्यांनी दांडा उचलला, उजेडाकडं नेला, जाड टोकावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. तो अंगठा तिनं आधी बघितलेला होता, दुसऱ्या एका हातावर.

"साठ बी सारखेच चुकलेत?" त्यांनी विचारलं.

"सारखेच. दोन खिळे ठोकून एकोणसाठ कापले, खिळा हलवावा लागला न्हाय."

आप्पांनी दांडा हातात फिरवला. "आमच्यात बारा जण हायेत नमुने करणारे," ते म्हणाले. "साठ नग एकसारखे चुकवून दाखवा म्हटलं, तर एकाला जमायचं न्हाय. मला बी." मग दांडा खाली ठेवला. "पर अट ती अट."

"व्हय," ती म्हणाली. "पेपर संपेपर्यंत हत्यारं पेटीत. पुढचे चाळीस एप्रिलच्या शेवटाला द्यायचेत. तारीख मी तशीच घेतलीय."

आईच्या बाजूनं हसण्याचा आवाज आला आणि लगेच भाकरी थापल्याचा. आप्पांनी लेकीकडं बघितलं. ओतलेला भाग वाळूतून पहिल्यांदा बाहेर काढताना ते कसे बघत असतील, ते तिला त्या क्षणी दिसलं.

जेवणाआधीच दोघं शेडमध्ये गेली. ती एकेक हत्यार पुसून देत होती, आप्पा तेलाचं बोट फिरवून पेटीत ठेवत होते. आज्जाचा दुसरा, धड रंधा हातात आला तेव्हा ते थांबले, त्याचं पातं नखावर घासून बघितलं, आणि तिच्याकडं न बघताच विचारलं, "त्या राजाबाईचा हात केवढा व्हता गं?"

तिनं आठवून बघितलं. मग आपली मूठ अर्धी मिटून, मधे दांडा मावेल एवढी जागा ठेवून, त्यांच्यासमोर धरली.